दोन चाकांचं मशीन

आठवड्यातले सहा दिवस खिडकी नसलेल्या खोलीत उभं राहायचं, अंगावर शिशाचा जड एप्रन चढवायचा आणि दर दहा मिनिटांनी तेच सांगायचं, "श्वास घ्या... धरून ठेवा... सोडा." एक्स-रे काढण्याच्या कामात अशी अकरा वर्षं गेल्यावर एका सोमवारी सुनेच्या लक्षात आलं, की दुसऱ्यांना श्वास घ्यायला सांगता सांगता आपलाच राहून गेलाय. आणि तिनं ठरवलं, मोटरसायकल घ्यायची.

नवी परवडणार नव्हती, त्यामुळे कुणीतरी वापरलेली. पण रविवारी सकाळी निघून घाट चढेल, तळ्यापर्यंत जाऊन येईल आणि वर्षातून एकदा चार दिवसांची लांबची फेरी झेपेल अशी. माहेरी वडिलांची गाडी ती चालवायची, तेव्हा सवय होती. अडचण एकच होती, आणि ती स्वयंपाकघरात भाजी निवडत बसली होती.

सासूबाई दस्तनोंदणी कचेरीतून एकतीस वर्षांनी निवृत्त झालेल्या. घरात दुचाकी येणार नाही, हा ठराव त्यांनी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी करून टाकला होता. त्या वर्षी नवऱ्यानं त्यांना स्कूटरवरून नेताना एका वळणावर पाडलं होतं. त्या पडल्यात हे त्याला कळलं पुढच्या चौकात, तेही वाहतूक पोलिसानं सांगितल्यावर.

सुनेनं आधी आपल्या नवऱ्याला विश्वासात घ्यायचं ठरवलं. तो बेकरीत पाव भाजायचा. त्यानं दोन्ही हात वर केले.

"मला काही सांगूच नकोस. आईनं सरळ विचारलं की माझे कान लाल होतात."

"अरे, पण गाडी कुठली घ्यायची ते तरी..."

"कुठली घ्यायची?" हा प्रश्न बाल्कनीतून आला. तिथं सासरे झाडांना पाणी घालत होते. तेही निवृत्त, गुरांचे डॉक्टर. हातातली झारी तशीच धरून ते आत आले. "जनावर पारखायला माझ्यासारखा माणूस नाही तुला मिळायचा."

"बाबा, ते जनावर नाही."

"वर बसायचंच आहे ना? मग झालं. आणि हिला सांगू, आपण मशीन बघतोय. वापरलेलं. कपडे धुवायचं आहे असं आपण म्हणायचंच नाही. ती तसं समजली तर आपला काय दोष?"

घरातलं धुण्याचं मशीन महिनाभर खडखडत होतं, त्यामुळे सासूबाईंना शंका आली नाही. "घासाघीस करा," एवढंच त्या म्हणाल्या.

पहिली गाडी बघायला दोघं पॉलिशवाल्याकडे गेले. जुन्या गाड्यांचा हा विक्रेता. त्याला हे नाव पडलं होतं कारण त्याच्या छपराखालची प्रत्येक गाडी आरशासारखी चमकायची. त्यानं एक लालभडक गाडी पुढे केली. "मशीन एकाच मालकाचं. म्हातारे गृहस्थ. फक्त रविवारी बाहेर काढायचे."

सुनेनं वहीत आठ गोष्टी लिहून आणल्या होत्या. पहिली होती, इंजिन थंड असताना बघायचं. गरम इंजिन कुणाचंही चालू होतं. तिनं इंजिनावर तळहात ठेवला आणि लगेच काढला.

"आत्ताच चालवली होती?"

"छे हो. उन्हानं तापलीय."

"छपराखाली?"

पॉलिशवाल्यानं छपराकडे असं बघितलं, जणू ते त्यानं आजच पाहिलं. सुनेनं मीटर बघितलं. नऊ हजार. मग खाली वाकून ब्रेकच्या पेडलचं रबर बघितलं. ते संपत आलेल्या साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत झालं होतं.

"नऊ हजारात एवढं झिजलं?"

"मालकाचा पाय जड होता."

तेवढ्यात डॉक्टरांनी पिशवीतून स्टेथोस्कोप काढला, कानात घातला आणि म्हणाले, "चालू करा." त्यांनी इंजिनाला चार ठिकाणी नळी लावली. डोळे मिटले. मग पुन्हा पहिल्या जागी नळी नेली. पॉलिशवाला एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला.

"काय झालं साहेब?"

"खोकला कधीपासून आहे?"

"दीड महिना. म्हणजे, नाही... खोकला कुठला?"

"पाजावं किती लागतं?"

"हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल. जास्त नाही."

"आणि मागच्या अंगाला लंगडतं."

"रिम वाकला होता साहेब, पण ठोकून सरळ केलाय!" पॉलिशवाल्यानं रुमालानं मान पुसली. "तुम्ही कुठल्या कंपनीत होता?"

"मी बैलांकडे होतो," डॉक्टर म्हणाले आणि नळी गुंडाळून पिशवीत ठेवली. पॉलिशवाल्याला वाटलं, बैल हे कुठल्याशा गाडीचं नाव असावं. त्यानं अदबीनं घरचा फोन नंबर लिहून घेतला. किमतीचं काही जमलं तर कळवतो म्हणाला.

कोपऱ्यावर वळल्यावर सुनेनं विचारलं, "बाबा, खोकला ऐकू आला तुम्हाला?"

"मला काहीच कळलं नाही. घरघर होती, पण ती माझ्याच कानातली असेल. मात्र समोरचा माणूस घाबरलाय की नाही, ते मला बरोबर कळतं. चाळीस वर्षं मी गुरांपेक्षा त्यांच्या मालकांनाच जास्त तपासलंय."

त्या दिवशी जेवताना सासूबाईंनी चौकशी केली.

"कसं होतं मशीन?"

"दिसायला छान," डॉक्टर म्हणाले. "आतून थकलेलं."

"आवाज करतं?"

"करतं. थोडा केलाच पाहिजे."

"फिरवून बघितलं?"

"फिरवायच्या आधीच नको म्हटलं, आई," सून म्हणाली. तिच्या नवऱ्यानं ताटात तोंड घातलं. पण कान उघडेच राहिले आणि ते लाल होते.

दुसरी गाडी मिळाली जाहिरातीतून. बैठ्या घरात राहणारे, शर्टाची वरची गुंडीही लावणारे एक गृहस्थ. बदली झाली होती, आठवड्यात निघायचं होतं, म्हणून किंमत कमी. गाडी गडद निळी. इंजिन थंड, पहिल्याच किकला चालू. धूर नाही, पुढच्या शॉकअपमधून तेलाचा थेंब नाही, चेनच्या चक्राचे दात जिथल्या तिथे. सून चक्कर मारून आली ती केस विस्कटलेली आणि चेहरा एवढा उजळलेला, की डॉक्टरांनी पिशवी उघडलीच नाही. वहीत लिहिलं होतं म्हणून त्यांनी सगळ्याचे फोटो काढले. इंजिन, टायर, सांगाड्यावर ठोकलेला नंबर, नोंदणीचं पुस्तक. शनिवारी येऊन गाडी न्यायचं ठरलं. घरी येताना सासरा आणि सून दोघंही गुणगुणत होती, वेगवेगळी गाणी.

शुक्रवारी दुपारी घरचा फोन वाजला. घरात सासूबाई एकट्याच होत्या.

"साहेब आहेत का? मशीनबद्दल बोलायचं होतं," पॉलिशवाला म्हणाला.

"मी त्यांची बायको. बोला."

"किंमत कमी करतो म्हणावं. आणि मागचं चाक नवीन टाकून देतो."

"चाक? मशीनला चाक कशाला?"

"अहो बाई, चाकाशिवाय चालणार कशी?"

"आमचं आहे ते बारा वर्षं एका जागी उभं राहूनच चालतंय."

"बारा वर्षं उभी?" पॉलिशवाल्याला मनापासून वाईट वाटलं. "मग इंजिन जाम झालं असणार हो. टाकीतलं पेट्रोल तरी काढून ठेवायचं."

सासूबाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग अगदी मऊ आवाजात त्यांनी विचारलं, "त्या मशीनवर माणसं किती बसतात?"

"दोन. आरामात."

"असं. सांगते हं त्यांना."

संध्याकाळी चौघं जेवायला बसली. सासूबाईंनी सगळ्यांना वाढलं, स्वतः वाढून घेतलं आणि पहिला घास घ्यायच्या आधी म्हणाल्या, "काय हो, कपडे धुताना हेल्मेट घालावं लागेल का?"

डॉक्टरांना ठसका लागला. मुलाचे कान पेटले. सुनेनं पाण्याचा पेला सासऱ्यांपुढे सरकवला आणि खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. खोली, एप्रन, घाट, तळं, निळी गाडी. सासूबाई जेवता जेवता ऐकत होत्या.

"मी रागावलेय," शेवटी त्या म्हणाल्या. "पण ते नंतर. कागद वाचले का?"

"इंजिन एकदम..." डॉक्टरांनी सुरुवात केली.

"मी इंजिन नाही विचारलं. कागद."

दोघं एकमेकांकडे बघायला लागली.

"एकतीस वर्षं बघत आले. लोक जमीन घेताना झाडं मोजतात, माती हुंगतात, विहिरीत खडा टाकून बघतात. कागद तेवढा कुणी वाचत नाही. आणा ते फोटो."

ताटं बाजूला सरकली. सासूबाईंनी चष्मा लावला, वर भिंग धरलं. नोंदणीच्या पुस्तकातला नंबर आणि सांगाड्यावरचा नंबर आकड्यामागून आकडा जुळत गेला. डॉक्टर सुटकेनं हसणार, तोच भिंग थांबलं.

"हा आठ बघ."

सुनेनं फोटो मोठा केला. "आठच आहे, आई."

"हा जन्मला तेव्हा तीन होता. बाकीचे आकडे एका हातानं, एका जोरानं ठोकलेत. ह्याची डावी बाजू नंतर आलीय. असल्या तीन-आठांवर मी दोन माणसांच्या नोकऱ्या घालवल्यात."

सुनेनं आणखी मोठा केला आणि तिला ते दिसलं. मोडून पुन्हा जुळलेल्या हाडावर दिसते तशी बारीक रेघ. रोज दिवसभर ती तेच तर बघायची. तिनं फोन उलटा ठेवला.

शनिवारी सुनेनं रजा टाकली आणि तिघं गेली. गृहस्थांनी खुर्च्या मांडल्या होत्या. सासूबाई निळ्या गाडीभोवती एक फेरी मारून आल्या आणि गोड हसल्या.

"गाडी छानच आहे हो. फक्त एवढं सांगा, ह्या तीनचा आठ तुम्ही केलात, की तुम्हाला असाच मिळाला?"

गृहस्थही हसले. "काहीतरी गैरसमज होतोय. मूळ पुस्तक आत आहे, आणतो."

ते आत गेले. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"सापडत नसेल बिचाऱ्याला," डॉक्टर म्हणाले.

घरामागे काहीतरी धप्पकन पडलं आणि पळत्या चपलांचा आवाज लांब लांब गेला. घर महिन्याच्या भाड्याचं होतं, आणि गृहस्थांनी शेजाऱ्यांना सांगितलेलं नाव पुस्तकातल्या नावाशी जुळत नव्हतं. पोलीस आले. चार महिन्यांपूर्वी चोरीला गेलेली ती गाडी एका पोहण्याच्या शिक्षकाची निघाली. डॉक्टरांनी हवालदाराला दोनदा सांगितलं, की संशय आपल्याला आधीपासूनच होता. दुसऱ्यांदा सासूबाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

परत येताना सून बसमध्ये खिडकीबाहेर बघत राहिली. "जाऊ द्या, आई. नकोच ती गाडी."

"नकोच कशी? मला न विचारता हवी होती, आणि मी विचारायला लागले तर नको? उतरा पुढच्या थांब्यावर. त्या चाकवाल्याकडे जायचंय."

पॉलिशवाल्यानं डॉक्टरांना लांबूनच ओळखलं. "साहेब, ते कानातलं तेवढं बाहेर काढू नका."

"ते नाही, मी बोलणार आहे," सासूबाई म्हणाल्या. चमकणाऱ्या रांगेकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. "दुकान बंद केल्यावर तुम्ही घरी कशावरून जाता?"

"मी? त्या तिच्यावरून." त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं आणि चूक लक्षात येताच ते खिशात घातलं. भिंतीला एक मातकट रंगाची गाडी टेकली होती. टाकीला पोचा, सीटला चिकटपट्टी, चमक नावाला नाही. "पण ती विकायची नाही."

"म्हणून तर विचारतेय."

सुनेनं इंजिनावर हात ठेवला. गार. अर्ध्या किकला चालू झालं आणि एका लयीत बोलत राहिलं. मीटरवर आकडा मोठा होता आणि पेडलचं रबर त्याला साजेसं झिजलं होतं. ती चौकापर्यंत जाऊन आली. हात सोडले तर गाडी सरळ जात होती, वळणावर बिचकत नव्हती. चेहरा निळ्या गाडीच्या वेळी उजळला तसा नाही उजळला. पण तिनं गाडीच्या टाकीवर नकळत थोपटलं, ते डॉक्टरांनी बघितलं.

सासूबाईंनी पाऊण तास कागद वाचले. पॉलिशवाल्यानं आधी खुर्ची आणली, मग पाणी, मग पंखा त्यांच्याकडे वळवला. शेवटी त्यांनी चष्मा काढला. "स्वच्छ आहेत. किंमत बोला."

"बाई, ही दिली तर मी घरी कशावरून जाऊ?"

"ती लाल आहे ना. म्हाताऱ्यांची. फक्त रविवारी वापरलेली."

पॉलिशवाल्यानं अक्कलदाढ उपटून द्यावी तशा चेहऱ्यानं किल्ली दिली.

दुसऱ्या दिवशी रविवार. डॉक्टर सकाळी सहालाच हेल्मेट घालून दारात उभे होते. सून गाडी बाहेर काढतेय तोच जिन्यावर बुटांचा आवाज आला. सासूबाई खाली आल्या, मुलाची जुनी पँट पायाशी दुमडलेली, केस घट्ट बांधलेले. त्यांनी डॉक्टरांच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून आपल्या डोक्यावर चढवलं.

"अगं, पण मी..."

"कागद कुणी वाचले?"

डॉक्टर दारातून बाजूला झाले.

गावाबाहेर पडेपर्यंत सासूबाईंनी सुनेच्या कमरेला अशी मिठी मारली होती, की तिला अर्धाच श्वास घेता येत होता. घाट सुरू झाला तशी पकड सैल झाली. तिसऱ्या वळणावर सुनेनं आरशात बघितलं, तर सासूबाई एक हात सोडून दरीकडे बघत होत्या.

"भीती वाटतेय का, आई?"

"तू पुढे बघ. आणि त्या ट्रकच्या मागे काय रेंगाळतेस? किती वेळ त्याचा धूर खायचा?"

तळ्याकाठी त्या उतरल्या. दगडावर बसून त्या बराच वेळ पाण्याकडे बघत राहिल्या.  सूनही पाय पसरून बसली. मग सासूबाईंनी फोन लावला.

"अहो, आम्हाला उशीर होईल... नाही नाही, गाडीला काही झालं नाही. पलीकडे अजून एक घाट आहे म्हणे... तुम्ही दोघं जेवून घ्या."

पलीकडून डॉक्टर काहीतरी विचारत होते. सासूबाईंनी फोन खिशात टाकला आणि हेल्मेटचा पट्टा आवळला.