बिनडोळ्याचा पक्षी आणि इताकातेचा रुमाल

मित्रांनो, मी एक जुना रुमाल आहे, भाकरी बांधून द्यायचा. माझ्या चार कोपऱ्यांवर लाल दोऱ्याचे चार पक्षी आहेत. त्यांतल्या एकाला डोळा नव्हता. एफ्रोसिना तो पक्षी भरत असतानाच तिला कळा सुरू झाल्या, सुई तशीच राहिली आणि तिचा मुलगा क्रिसोफोरो जन्मला.

मेक्सिकोतल्या आमच्या डोंगराळ गावात माझ्यात बांधलेल्या अन्नाला इताकाते म्हणतात. तुमच्याकडे शिदोरी म्हणतात, तसंच. एफ्रोसिनाचा नवरा तेओफिलो मक्याच्या शेतावर न्यायचा, तो इताकाते. लग्नाची पंगत उठली की पाहुण्याच्या हातात बळेबळे कोंबतात, तोही इताकाते. "न घेता उठलात, तर पुढच्या वेळी कोंबडी तुमच्या खुराड्यातली कापू!" अशी धमकी मी कितीदा ऐकली! आणि माणूस गेला की त्याच्या शवपेटीत, उशाशी, पुरीएवढ्या बारा भाकऱ्या ठेवतात. त्याचीही वाट लांबची असते ना. तोही इताकातेच. तेओफिलोचा तसा बांधला गेला, तेव्हा मला बाजूला ठेवून एफ्रोसिनाने कोरा रुमाल घेतला होता. "हा पोराचा आहे," ती म्हणाली होती.

आमचा एक रिवाज आहे. कुणाचा रुमाल रिकामा परत द्यायचा नाही. चार मिरच्या, चिमूटभर मीठ, काहीतरी बांधूनच द्यायचं.

क्रिसोफोरो वीस वर्षांचा झाला आणि वाळवंट ओलांडून उत्तरेकडे, सीमेपार कामाला निघाला. पहाटे उठून पाट्यावर मका वाटताना एफ्रोसिना गुणगुणत होती,

*जातोस लांब वाटं, घे रे भाकर बांधून*
*माझ्या जिवाची गाठ, नको जाऊस सोडून.*

तो मात्र मला पाहून चिडला.

"आई, हे काय गाठोडं? गाडीत सगळे हसतील मला."

"हसू देत. भूक लागली की हसणारेच आधी हात पुढे करतील."

"नको म्हटलं ना! पिशवीत पाण्याला जागा राहू दे."

त्याने मला दाराजवळच्या दगडी गडग्यावर ठेवलं. गाडी सुटली. मला छातीशी धरून एफ्रोसिना वळणापर्यंत धावली. समोर नुसती धूळ होती. माझ्यातल्या भाकऱ्या अजून गरम होत्या.

त्यानंतर त्याची काहीच खबर आली नाही. नऊ वर्षं मी पेटीत घडी होऊन पडलो. झुरळांनी माझी एक कड खाल्ली.

दर नोव्हेंबरात, आमच्याकडे मानतात, वारलेली माणसं घरी जेवायला येतात. त्यांना रस्ता दिसावा म्हणून एफ्रोसिना झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालायची, तेओफिलोचं ताट मांडायची. पोराचं मांडत नसे. त्याची धर्ममाता तिबुर्सिया शेजारीच राहायची. ती एकदा फणकारली,

"अगं गाढवाला लाजवशील अशी हट्टी तू! पोर येत असेल, बापाच्या ताटाकडे बघत उपाशी परत जात असेल."

"ताट मांडलं, तर मीच त्याला मारलं असं होईल गं."

"आणि नाही मांडलंस तर?"

एफ्रोसिना तेओफिलोचं ताट सरळ करत राहिली.

यंदा तिला खोकल्याने धरलं. पाट्यावर वाटताना दम लागू लागला. सणाच्या सकाळी ती तिबुर्सियाला हळूच म्हणाली, "मी गेले, तर त्याला कोण बांधून देईल?" मग तिने पेटी उघडली. पुरीएवढ्या बारा भाकऱ्या थापल्या, माझ्यात बांधल्या आणि मला बापाच्या ताटाशेजारी ठेवलं. गाठ मात्र सैल ठेवली. "हात थकलेले असतील त्याचे," ती म्हणाली.

सण उलटला की ते अन्न शेजारीपाजारी वाटतात. मला तिबुर्सिया घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिने मला धुऊन परत आणलं. रिवाजाप्रमाणे माझ्यात काहीतरी होतं. एफ्रोसिनाने गाठ सोडली. आत एक सुई होती आणि काळा दोरा.

एफ्रोसिनाने बोटांनी चाचपून बिनडोळ्याचा पक्षी शोधला.

"ओवून दे," एफ्रोसिना म्हणाली. "मला नाही दिसत आता."

एकोणतीस वर्षं राहिलेला डोळा तिने चार टाक्यांत भरला. दोरा दातांनी तोडला. "आता दिसेल त्याला वाट," एवढंच म्हणाली.

मित्रांनो, मी आता झिजलो आहे, पण माझे चारही पक्षी बघतात. म्हणून तुम्हाला एकच सांगतो. घरातून निघताना कुणी काही बांधून दिलं, तर ओझं म्हणू नका. जागा नसेल, तर पाणी थोडं कमी घ्या. पण मला गडग्यावर ठेवून जाऊ नका.