पाटीची पुलाकडची बाजू

टॅलो बेंड गावात रस्त्याकडेला इतिहासाच्या सात पाट्या होत्या आणि लुडेलला सातही तोंडपाठ होत्या. कुठला सेनापती गावात एक रात्र झोपला, त्याची पाटी. त्याचा घोडा ज्या झाडाखाली मेला त्या झाडाची पाटी. झाडही केव्हाच गेलं. मेल्या घोड्याला पाटी, आणि महापुरात एकोणीस दिवस गावाला जेवू घालणाऱ्या तिच्या आईला काही नाही!

आता आठवी पाटी येणार होती. पण तिच्यातही वाटेकरीण होतीच. चर्चच्या चुलीपाशी तेव्हा दोघी राबल्या होत्या, लुडेलची आई मेबेल आणि इमोजिनची आई. आणि इमोजिन म्हणजे लुडेलची धाकटी जाऊ. आणखी काय सांगायचं?

पाटी एकच, पण एका बाजूला एकीची आई, दुसऱ्या बाजूला दुसरीची. एक बाजू पुलाकडे, गावात येणाऱ्या प्रत्येकाला दिसणारी. दुसरी कोंबड्यांच्या शेडकडे, तिकडून ट्रक तेवढे यायचे. आणि मजकूर लिहून बाजू ठरवणारी, पाट्यांच्या समितीची चिटणीस कोण? इमोजिन!

"ठरलं का गं, पुलाकडे कोण?" रविवारी चर्चच्या पायरीवर लुडेलनं विचारलं.

"कापड निघालं की कळेलच, लुडेलताई," म्हणून इमोजिन गालात हसली.

लुडेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासूबाईंच्या चिनी मातीच्या बशा हिनं लाटल्या, चर्चच्या गाण्यात पुढच्या ओळीतली जागा हिनं लाटली, आता पूलही!

गुरुवारी पाटी नगरपालिकेच्या मागच्या अंगणात आली. जाड कागदात गुंडाळलेली, दोन्ही अंगांना चिठ्ठ्या: 'पुलाकडे', 'शेडकडे'. लुडेल पीचचा केक घेऊन तिथं गेली. पाटी बसवणारा होशिया पाठ करून खायला बसला आणि तिनं चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. कागद फाडून बघायचं तिच्या मनातही आलं नाही. बघायचं काय त्यात? इमोजिनला ती तीस वर्षं ओळखत होती.

शनिवारी सगळं गाव जमलं. खांबाचं सिमेंट वाळलेलं होतं, पाटी आता हलणार नव्हती. कापड निघालं, आणि पुलाकडे नाव होतं इमोजिनच्या आईचं.

"होशिया!" इमोजिन ओरडली. "डोळे कुठं ठेवले होतेस? चिठ्ठ्या मी माझ्या हातानं लावल्या होत्या. मेबेलमावशी पुलाकडे! पहिलं पातेलं तिनं चढवलं, माझी आई मरेपर्यंत हेच सांगायची."

"चिठ्ठी होती तशीच बसवली, बाई. देवाशपथ!"

"सोमवारपासून येऊ नकोस कामावर," समितीचे अध्यक्ष म्हणाले.

लुडेल पुढे झाली. होशियाची बायको आजारी होती आणि घर याच एका नोकरीवर चालायचं.

"त्याला बोलू नका," ती म्हणाली. "चिठ्ठ्या मी बदलल्या."

इमोजिन तिच्याकडे बघत राहिली. आता ही चारचौघांत माझी सालटी काढणार, म्हणून लुडेलनं मान खाली घातली.

"अगं वेडे," इमोजिन हळूच म्हणाली, "तुला चकित करायचं होतं गं मला. चल, मागच्या बाजूला जाऊन वाचू."

कोंबड्यांच्या वासात दोघी उभ्या राहिल्या. मेबेलबद्दल इमोजिननं इतकं सुंदर लिहिलं होतं, की लुडेलला रडू आवरेना. इमोजिननं तिला जवळ घेतलं. आणि रडता रडताही लुडेलला एकच गोष्ट सलत होती. चांगुलपणातही मेली हीच पुढे!