पेटीची मागची बाजू

देवदत्तचं ते पत्र मला १९९०च्या मार्चमध्ये आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. निळ्या अंतर्देशीय पत्राच्या सगळ्या घड्या त्याने भरल्या होत्या. देहूरोडचं नवीन क्वार्टर, नळाची वेळ, मुलीची शाळा, तिकडच्या फॅक्टरीत भेटलेले दोन तबलजी. जागा संपत आली म्हणून शेवटची वाक्यं कडेने उभी लिहिली होती: "तुझ्या तक्त्याप्रमाणे सगळे नॉब लावले. तो आवाज येत नाही. एखादा नॉब तक्त्यात काढायचा राहिला, की मुद्दाम ठेवलास? मुद्दाम असेल तर तसं लिही. मी रागावणार नाही."

त्या उभ्या ओळींना माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून बाकीच्या पत्रालाही दिलं नाही. तीन-चार वेळा लिहायला बसलो. एकदा फारच रागाने लिहिलं गेलं, एकदा फारच लाचार. पुढे इतके महिने लोटले की आता उशिराबद्दलही काही लिहावं लागेल, या विचारानेच पेन खाली ठेवलं. माणसं अशी सुटतात हे मला त्या वेळी कळत नव्हतं असं नाही.

देवदत्त जबलपूरला रांझीच्या फॅक्टरीत होता, विजेची उपकरणं दुरुस्त करण्याच्या विभागात. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात. आमची ओळख झाली ती तो सर्किटांची मासिकं चाळायला येऊ लागला तेव्हा. त्यातल्याच एका आराखड्यावरून दोन वर्षं खपून त्याने दीक्षितपुऱ्यातल्या आपल्या खोलीत एक सिंथेसायझर बांधला. प्लायवूडची पेटी, मोडक्या हार्मोनियमच्या पट्ट्या आणि मेलेल्या रेडिओंचे सतरा नॉब, कुठलेही दोन सारखे नाहीत. एका वेळी एकच स्वर वाजायचा. त्याची आई त्याला 'बोंबलणारी पेटी' म्हणायची. मला लहानपणापासून हार्मोनियमची थोडी सवय होती, त्यामुळे वाजवायला मी बसू लागलो. देवदत्त नॉब फिरवायचा आणि मी ऐकून मान हलवायचो. मी उघड मत देत नसे, पण माझी मान तो बरोबर वाचायचा.

त्या पेटीला आठवण नव्हती. नॉब हलला की आवाज गेला. म्हणून मी तक्ते करू लागलो. कागदावर सतरा वर्तुळं, प्रत्येकात घड्याळासारखा एक काटा: हा दहावर, हा तीनवर. खाली कार्बन, म्हणजे एक प्रत त्याला, एक मला. एवढं एकच काम मला त्याच्यापेक्षा चांगलं जमायचं.

८६ ते ८९ गणेशोत्सवात आणि इतर वेळी मिळून आम्ही तीन-चार जणांनी जमवलेल्या ऑर्केस्ट्राचे बारा कार्यक्रम झाले. देवदत्तने स्वतः बांधलेली एक धून आम्ही सुरुवातीला वाजवायचो. आधी बोंगो, मग गिटार, आणि साधारण पाऊण मिनिटाने माझी पेटी शिरायची. पहिल्या वर्षी ती शिरली तेव्हा मीच दचकलो. करवत ओल्या लाकडात आधी अडते आणि मग चिरत जाते, तसा तो आवाज होता. भांडायला आल्यासारखा. स्वर धरून ठेवला की तो आतल्या आत गुरगुरायचा, रंग बदलायचा. सतरंजीवर खेळणारी मुलं जागच्या जागी थांबली. दारात चपला हातात घेऊन निघालेले एक गृहस्थ तसेच उभे राहिले. शेवटी देवदत्तने माइकवरून सांगितलं की हा आवाज आमच्या अच्युत दाण्यांनी शोधलाय. मी अर्धा उठलो आणि बसलो.

मी तो शोधला नव्हता. तो कुठून आला हे मला माहीत नव्हतं. देवदत्तच्या खोलीत सरावाला त्याच तक्त्यावर पेटी लावली तर पातळ, शहाणा आवाज यायचा. कार्यक्रमाच्या दिवशी मात्र तो हटकून हजर. देवदत्त म्हणायचा, तू घाबरट आहेस, लोक समोर असले की तुझी बोटं पिसाळतात. मला ते ऐकायला आवडायचं, हे कबूल करायला हवं. बाराही वेळा मी अर्धा उठलो. मग त्याची बदली झाली, पेटी ट्रकमध्ये चढली, आणि वर्षभराच्या आत ते पत्र आलं.

या जानेवारीत देवदत्तची मुलगी समिधा एका लग्नासाठी जबलपूरला आली होती. पन्नाशीच्या आसपासची, हसरी, डोळे अगदी बापाचे. पत्ता शोधत घरी आली. मी देवदत्तविषयी विचारलं. बाबांना आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, ती म्हणाली. यंत्र लावलं की भांडी आपटल्यासारखं होतं म्हणून काढून ठेवतात. बोलायचं ते पाटीवर लिहून. पेटी वाळवीने कधीच खाल्ली, पण सर्किटांचे कागद त्यांनी ठेवलेत. दुपारी ते उघडून बसतात, रेघेवरून बोट फिरवतात आणि मध्येच मान डोलावतात.

"तुमच्यावर एक आरोप आहे, काका," ती हसत म्हणाली. "जबलपूरच्या त्या आवाजाची गोष्ट बाबा सगळ्यांना सांगतात. आणि शेवटी म्हणतात, अच्युतने नाही सांगितलं ते नाहीच सांगितलं."

मी हसण्यासारखं काहीतरी केलं. ती गेल्यावर माझी बायको वसुधा कप उचलताना म्हणाली, "काहून नाही सांगितलं तुम्ही?"

"मला माहीत असतं तर सांगितलं नसतं का?"

"मला वाटलं, असेल तुमचं काही," ती म्हणाली आणि आत गेली.

म्हणजे माझ्याच घरात चौतीस वर्षं मी तो आवाज लपवून बसलेला माणूस होतो. देवदत्त अठ्ठ्याहत्तरचा, मी चौऱ्याहत्तरचा. त्याने मला लबाड समजतच जावं, हे मला सहन होईना. आणि आता फोन करून समजावावं तर त्याला ऐकू येणार नाही. लिहायचंच होतं. पण लिहायला हातात काही हवं होतं.

नेपियर टाउनमध्ये दातांच्या दवाखान्याच्या वर प्रणोतीचा कीबोर्डचा क्लास आहे. तिचे वडील माझ्याबरोबर कॉलेजात होते. तिच्याकडे नॉबवाला सिंथेसायझर आहे हे मला माहीत होतं. विचारायला दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा तीच खाली भेटली. कार्बनची प्रत दाखवली तर तिने ती उजेडात धरून पाहिली. "काका, ये तो खजाना है. तुम्ही लायब्रेरियन होते ना? मला वाटायचं तुम्ही फक्त गप्प बसायला सांगता." अकरा ते एक क्लास रिकामा असतो, रोज या, असं ती म्हणाली.

पहिल्या दिवशी तिच्या यंत्रावर माझ्या सतरा वर्तुळांना जवळचे नॉब शोधण्यात वेळ गेला. काही जमले, काही अंदाजाने. दोन ऑसिलेटर, म्हणजे आवाज जिथून जन्मतो ते दोन झरे, करवतीच्या दातांसारख्या लहरीवर ठेवले आणि त्यातला एक केसभर बेसूर केला, म्हणजे दोन्ही एकमेकांना घासतील. मग फिल्टर. तो आवाजाची वरची धार कापतो. मी तो काट्याप्रमाणे अर्ध्यावर आणला. प्रणोतीने पट्टी दाबली.

"काका, ये लीड कम, भजन ज़्यादा लग रहा है."

तसंच होतं. दुसऱ्या दिवशी फिल्टर पूर्ण उघडला. आवाज उजळला, चिडला नाही. तिसऱ्या दिवशी तिने गिटारची, आवाज फाडणारी एक पेटी मधे जोडली. आता खिडकीची काच थरथरली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हा आवाज बाहेरून ओरडत होता. आमचा आतून उठायचा. हे तिला कसं सांगावं कळेना, तरी सांगितलं.

"लय नखरे आहेत तुमचे," ती म्हणाली. "रेकॉर्डिंग आहे का काही?"

रेकॉर्डिंग नव्हतं. घरी येताना ऑटोत मला वाटलं, तो आवाज नव्हताच. आम्ही तीन-चार जणांनीच एकमेकांना सांगून मोठा केलेला. म्हातारपणी माणूस अशा गोष्टींना शिंगं लावतो. वसुधाला मी तसं म्हणालो. ती पहिल्या वर्षी बायकांत पुढे बसली होती.

"होता ना," ती म्हणाली. "शेजारच्या सुनेत्राची पोर माझ्या मांडीवर झोपली होती. तुमचं सुरू झालं अन् अशी किंचाळून उठली, पूरा प्रोग्राम मी बाहेर तिला घेऊन उभी होती. तुम्ही मला विचारलं पण नाही कधी, कुठे गेली होती म्हणून."

मी तेही कधी विचारलं नव्हतं.

पाचव्या दिवशी क्लासची चौकशी करायला दोघंतिघं पालक आले. त्यांच्यासमोर चुकीचे आवाज काढायला मला संकोच वाटू लागला, तेव्हा प्रणोतीने मला हेडफोन दिले. शिक्षक आणि विद्यार्थी दोघांना एकदम ऐकता यावं म्हणून तिथे एक डबी असते. यंत्राच्या हेडफोनच्या भोकातून एक तार डबीत जाते आणि डबीला दोन हेडफोन लागतात. मी तासभर एकटाच नॉब फिरवत बसलो. काही हाती लागलं नाही. एक वाजत आला, मुलं यायची वेळ झाली, म्हणून मी आवरायला घेतलं. हेडफोन खुंटीला, डबी फळीवर. प्रणोती पालकांना सोडून आली आणि जाता जाता सहज तिने एक पट्टी दाबली.

तो आला.

आधी अडला, मग चिरत गेला. तिने बोट उचललं नाही. तो गुरगुरला, खाली वळला, पुन्हा वर आला. मी मुलांच्या ठेंगण्या खुर्चीत बसलो.

"खाली डॉक्टरसाहेबांच्या हातातून चिमटा पडला असेल," प्रणोती म्हणाली, पण तिचा आवाज बदलला होता. "काका, काय केलं तुम्ही?"

मी काही केलं नाही म्हणालो. ती यंत्राच्या मागे वाकली.

"ये आपने कहाँ खोंस दिया?"

तारेचं एक टोक हेडफोनच्या भोकात तसंच होतं. डबीतून सुटलेलं दुसरं टोक मी शेजारच्या रिकाम्या भोकात खोचलं होतं. ते भोक बाहेरचा आवाज आत घेण्यासाठी असतं. यंत्राचा आवाज हेडफोनच्या वाटेने निघून पुन्हा यंत्रातच शिरत होता. "आपलीच शेपटी खाऊन राहिला तो," प्रणोती म्हणाली. तिने हेडफोनचा आवाज कमी केला, तर तो शांत झाला. वाढवला, तर चवताळला.

मी ते टोक तिथे का खोचलं, याला कारण नव्हतं. ते लोंबत होतं आणि शेजारी जागा रिकामी होती. ग्रंथालयात एकतीस वर्षं मी हेच केलं. रिकामी जागा दिसली की हातातलं तिथे लावायचं.

आणि मग मला पडद्यामागची ती जागा दिसली. बाराही वेळा मी कार्यक्रमाच्या आधी कोपऱ्यात बसून कानाला इअरफोन लावून सराव केला होता, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. देवदत्तनेही अशीच डबी बनवली होती, आणि हार्मोनियमच्या माइकचा आवाज पेटीतून नेता यावा म्हणून मागे एक भोकही ठेवलं होतं. आमचं नाव पुकारलं की मी घाईने डबी बाजूला ठेवायचो आणि लोंबणारं टोक खोचून टाकायचो. खोलीत सरावाला आम्ही स्पीकरवरच ऐकायचो. तिथे तार नसायची. माझ्या तक्त्यात पुढचे सतरा नॉब होते. पेटीची मागची बाजू मी कागदावर कधी काढलीच नव्हती. तिथे इअरफोनच्या आवाजाचा एक बारीक नॉब सोडला तर काही फिरवायचं नव्हतं.

प्रणोतीने मोबाइलवर रेकॉर्ड करून दिलं. मी घेतलं, पण ते देवदत्तच्या काय कामाचं. घरी जाऊन मी पट्टी-पेन्सिल घेतली आणि पेटीची मागची बाजू काढायला बसलो. तीन भोकं, इअरफोनचा नॉब, मधे वळणारी एक तार. चौतीस वर्षांनी त्यांचा क्रम आठवावा लागला, दोनदा खोडलं. मग पत्र. सुरुवातीला उशिराबद्दल अर्धं पान लिहिलं आणि फाडलं. पुढे लिहिलं की मी काही लपवलं नव्हतं. मला माहीतच नव्हतं, आणि माहीत नाही एवढंच मला तुला तेव्हा लिहिता आलं नाही. आवाज मी शोधला नव्हता. माइकवरून तू माझं नाव घेतलंस तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं, ते बारा वेळा राहिलं. तुला जी पिसाळलेली बोटं वाटली, ते माझं आवरून ठेवणं होतं. बाण कुठून कुठे जातो ते चित्रात पाहा, तुला माझ्यापेक्षा जास्त दिसेल.

वसुधाने ते वाचलं. "हे ठीक आहे," म्हणाली. "पण तुम्ही वाजवलं तर होतं ना? तेही लिहा." मी लिहिलं नाही.

पोस्टात रांग होती. स्पीड पोस्टच्या खिडकीवरच्या मुलीने लिफाफा तोलला, पत्ता टाइप केला, आत काय म्हणून विचारलं. मी चिठ्ठी म्हणालो. तिने पावती फाडून दिली तेव्हाच माझ्या लक्षात आलं की चित्रात इअरफोनचा नॉब मी काढलाय, पण त्यात काटा दाखवायचा राहून गेलाय. आवाज येणार की नाही, ते सगळं तो किती फिरवायचा त्यावरच तर होतं. मी लिफाफा परत मागितला.

"अब तो बुक हो गया, दादाजी," ती म्हणाली आणि तो मागच्या पोत्यात टाकला.

मी बाजूला झालो. मागचा माणूस पुढे सरकला. राहिलेला काटा देवदत्तला पहिल्या नजरेतच दिसेल, आणि तो विचारल्याशिवाय राहणार नाही. पावती खिशात ठेवून मी बाहेर आलो.