बिजागरीखालचा चौकोन

मी एक कॅमेरा बोलतोय. जुना, रोल घालायचा, खांद्याला अडकवला की पट्टा कुरकुरतो असा. आमच्या जातीला बोलायची सवय नसते. समोर येईल ते बघायचं आणि धरून ठेवायचं, एवढंच आमचं काम. पण काही गोष्टी नुसत्या धरून ठेवल्या की आतल्या आत आंबतात. म्हणून आज तोंड उघडतो. आधीच सांगून ठेवतो, मला कुणाची दया नको आहे, आणि मी कुणाला माफही केलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पहिल्या मालकाने मला सहलींना नेलं, मुलांच्या वाढदिवसांना नेलं, आणि मुलं मोठी होऊन फोटोला कंटाळली तेव्हा विकून टाकलं. जुन्या वस्तूंच्या दुकानात एक बंद पडलेलं घड्याळ आणि एक सांधलेली फुलदाणी यांच्यामध्ये मी बरेच दिवस काढले. एके दिवशी काचेबाहेर एक माणूस येऊन उभा राहिला. त्याच्या दहाही नखांत वेगवेगळे रंग होते.

"बायकोला घ्यायचाय," तो दुकानदाराला म्हणाला. "तिला जमेल का?"

"करतात काय त्या?"

"चष्म्याच्या दुकानात काचा बसवते."

"मग त्यांना जमेल. तुम्ही हात लावू नका."

तो हसला आणि नाकाचा शेंडा मनगटाने पुसला. रंगाने भरलेली बोटं तोंडाला लागू नयेत म्हणून त्याला ती सवय लागली होती. ही लकब लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

तो रंगारी होता. दारांचा रंगारी. भिंती, खिडक्या, कपाटं ही कामं तो इतरांना देऊन टाकायचा. या शहरात जी दारं बघून माणसं चालता चालता थांबतात, त्यांतली बरीचशी त्याची. बेकरीवाल्या आजीच्या दाराला त्याने भाजलेल्या पावाचा रंग दिला होता, कडेला थोडा करपवून. शिंप्याच्या निळ्या दारावर वरून खाली बटणांची रांग काढली होती आणि एक बटण मुद्दाम गाळलं होतं. शिंपी रोज जाता-येता त्या मोकळ्या जागेकडे बघून चिडायचा आणि गिऱ्हाइकांना मोठ्या हौसेने दाखवायचा.

पण त्याची खरी खूण वेगळी होती. दार रंगवताना तो खालच्या बिजागरीखाली काडेपेटीएवढा एक चौकोन सोडून द्यायचा. तिथे आधीचा रंग तसाच राहायचा. काम बघायला आलेला मालक हमखास वाकून बोट दाखवायचा.

"अहो, इथे राहिलंय."

"राहिलं नाही," तो म्हणायचा, "ठेवलंय. उद्या घराला विचारलं, बाबा, आधी तुझा रंग कोणता होता, तर त्याला सांगता आलं पाहिजे ना."

काही जण हसायचे, काही कुरकुरायचे, पण तो चौकोन कुणी कधी भरून घेतला नाही. हळूहळू लोक त्याला 'ठेवलेलं' म्हणू लागले. "आमचं ठेवलेलं हिरवं आहे." "आमचं पांढरं, पण मळलंय."

माझी मालकीण त्या चौकोनासाठी रस्त्यावर गुडघे टेकायची. रविवारी सकाळी ती मला घेऊन निघायची, रंगाऱ्याने त्या आठवड्यात पुरं केलेल्या दारापाशी जायची, आधी दार वाजवायची, घरच्यांना विचारायची आणि मग खाली बसायची. रंगारी मागे उभा राहून म्हणायचा, "अगं, दार वर आहे."

"मला कळतंय कुठे आहे ते."

"लोकांना वाटेल माझी बायको दाराच्या पाया पडते."

"वाटू दे. तुझ्या पाया तर कुणी पडत नाही."

खालून घेतलेल्या त्या फोटोंत दारं उंच दिसायची आणि तळाशी तो चौकोन स्वच्छ यायचा. तिच्या हाताला कंप नव्हता. माझ्या भिंगावर तिने कधी बोटाचा ठसा पडू दिला नाही. मी तिच्यासाठी जीव तोडून काम केलं.

त्यांच्या स्वतःच्या घराचं दार मात्र बिनरंगाचं, नुसतं लाकूड. "करू की," तो म्हणायचा, "रंगाऱ्याचं दार कुठे पळून जातंय." दार नाही पळालं. एका दुपारी परक्याच्या उंबऱ्यावर, हातात कुंचला असताना, तोच गेला. त्या दाराला अस्तराचा हात नुकता दिला होता. ते वाळलंही नव्हतं.

आता धाकट्याविषयी.

धाकटा म्हणजे रंगाऱ्याचा सख्खा भाऊ. बाजारात त्याचा फोटोस्टुडिओ होता. पासपोर्टचे, ओळखपत्राचे फोटो. दिवसभर एकच मंत्र म्हणायचा, "हनुवटी खाली. हसू नका." थोरल्याने त्याला शिकवलं, स्टुडिओ काढून दिला, स्टुडिओचं दारही स्वतः रंगवून दिलं. ते धाकट्याने वर्षभरात काढून काचेचं बसवलं. भाऊ काय करतो असं कुणी विचारलं की सांगायचा, "सजावटीच्या क्षेत्रात आहे." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. मला कान नाहीत, पण ऐकलं आहे.

भाऊ गेल्यावर थोड्याच दिवसांत तो घरी आला. मालकीण स्वयंपाकघरात नुसती बसून होती. समोर चहा निवला होता.

"वहिनी, या घरात ओल फार आहे. निगेटिव्ह खराब होतील. मी स्टुडिओत नीट ठेवतो. कॅमेराही नेतो, साफ करून आणतो."

तिने मान हलवली. तिला त्या दिवशी कुणी घराचं छप्पर मागितलं असतं तरी तिने मान हलवली असती. धाकट्याला ते पुरतं माहीत होतं. म्हणून तर तो त्याच आठवड्यात आला होता.

साफसफाई कसली. त्याच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. रंगीत दारांचे फोटो, तेही जुन्या रोलच्या कॅमेऱ्याने काढलेले, म्हटलं की लोक थांबून बघतात हे त्याने हेरलं होतं. तो मला घेऊन शहरभर फिरला. दार न वाजवता, घरच्यांना न विचारता, रस्त्याच्या पलीकडे उभा राहून फोटो काढायचा. पँटच्या गुडघ्याला माती लागू द्यायची नाही. वाकायचा नाही.

मी त्याला एकही दार दिलं नाही.

प्रत्येक फोटो धूसर. दार म्हणजे नुसता रंगाचा फराटा. त्याने मला दुरुस्तीवाल्याकडे नेलं. दुरुस्तीवाल्याने मला उघडलं, फुंकर मारली, दोनदा खटका दाबला आणि म्हणाला, "यंत्र ठणठणीत आहे. तुम्ही चष्मा लावता का?"

मी त्याला चांगले फोटो दिले असते तर कदाचित त्याने तिच्या फोटोंना हात लावला नसता. हे मला कळतं. पण मला त्याचा पस्तावा नाही. त्याच्या मनात काय होतं ते कधीतरी बाहेर यायलाच हवं होतं.

त्याने तिच्या निगेटिव्ह बाहेर काढल्या, कॉम्प्युटरवर चढवल्या, मोठे मोठे फोटो छापले आणि नगरवाचनालयाच्या सभागृहात प्रदर्शन लावलं. छायाचित्रकार म्हणून स्वतःचं नाव. मला काचेच्या पेटीत मखमलीवर ठेवलं. पोटात त्याचाच धूसर रोल होता, शेवटचा एक फोटो शिल्लक असलेला. तो काढून टाकायचंही त्याला सुचलं नव्हतं. प्रत्येक दाराखाली एक छोटी पाटी होती. पत्ता, आणि खाली ओळ : 'रंगारी : अज्ञात'.

मी पेटीतून ती ओळ दिवसभर वाचत होतो. परक्याने लिहिली असती तर अडाणीपणा म्हणून सोडून दिली असती.

गर्दी हवी म्हणून त्याने एक शहाणपणा केला. ज्या ज्या घराचं दार भिंतीवर होतं, त्या त्या घरी निमंत्रण टाकलं. 'आपले दार बघायला या.' बेकरीवाल्या आजी ते निमंत्रण घेऊन चष्म्याच्या दुकानात गेल्या, कारण त्यांना बारीक अक्षर वाचवेना. ते त्यांना वाचून दाखवलं माझ्या मालकिणीनेच.

उद्घाटनाच्या संध्याकाळी दोघी बरोबर आल्या. मालकीण खांबाजवळ थांबली. आजी काठी टेकत आपल्या दारापुढे गेल्या, वाकल्या, आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या.

"हे आमचं दार नव्हे."

धाकटा पाहुण्यांना सोडून आला. "आजी, तुमचंच आहे. पत्ता बघा ना."

"मग ठेवलेलं कुठाय?"

"काय ठेवलेलं?"

"बिजागरीखालचं. लाल. एवढंसं."

"अच्छा, तो डाग होय?" धाकटा पाहुण्यांकडे बघून हसला. "निगेटिव्हवर कचरा बसला होता. एकेक फोटो हाताने साफ केलाय मी."

शिंपी पलीकडे आपल्या निळ्या दाराशी उभा होता. त्याने मान वळवली. "माझ्याही दारावर कचराच होता का?"

"सगळ्याच निगेटिव्हवर होता. जुना माल. फार मेहनत पडली."

"पडणारच. पण तो कचरा माझ्या दारावर आज सकाळीही होता. मी त्यावरची धूळ पुसून आलोय."

माणसं आपापल्या दारांपुढे वाकू लागली. सभागृहात शहरातली सगळी दारं आणि त्यांच्यापुढे वाकलेल्या पाठी. "आमचंही नाही." "आमचंही पुसलंय." कुणीतरी विचारलं, "साहेब, ही दारं तुम्ही कधी जवळून बघितलीत तरी का?"

सख्ख्या भावाने रंगवलेलं एकही दार त्याने आयुष्यात वाकून पाहिलं नव्हतं.

"त्यांनी दारं बघितलेली नाहीत," मालकीण खांबाजवळून म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "माझे फोटो बघितलेत."

"वहिनी." तो घाईने तिच्याजवळ आला. "घरातली गोष्ट आहे, घरी बोलू."

"दारांची गोष्ट आहे, भाऊजी. दारांसमोरच बोलू. तुमच्या भावाला अज्ञात कुणी केलं?"

"ते... लोकांना तशीच माहिती आवडते. गूढ वाटतं."

"पेन आहे का?"

त्याच्या खिशाला पेन होतं. तिने त्याला पहिल्या पाटीपुढे उभं केलं आणि नवऱ्याचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, जणू तो लिहिणारा परका आहे. धाकट्याने 'अज्ञात' खोडून ते लिहिलं. मग दुसरी पाटी. मग तिसरी. प्रत्येक पाटीवर तिने नाव पुन्हा सांगितलं. लोक बाजूला होऊन वाट देत होते. मी पेटीत मोजत नव्हतो, चवीने बघत होतो.

शेवटची पाटी झाल्यावर ती माझ्याकडे आली. काचेचं झाकण उचललं, मला बाहेर काढलं, पदराने भिंग पुसलं. कितीतरी दिवसांनी तिचा हात लागला. तिने मला डोळ्याला लावलं आणि त्याच्याकडे वळवलं. मागे भावाची दारं, हातात उघडं पेन, कपाळावर घाम.

"हनुवटी खाली, भाऊजी. हसू नका."

खटका दाबला जायच्या आधी त्याने मनगटाने नाकाचा शेंडा पुसला. अगदी थोरल्यासारखा. तिचा हात, ज्याला कधी कंप नव्हता, किंचित थरथरला. मी तो थरकाप माझ्यावर घेतला आणि फोटो सुईच्या टोकासारखा स्वच्छ धरला. त्या रोलवर तेवढा एकच फोटो स्वच्छ आहे.

आता मी तिच्या घरी खिडकीशेजारच्या फळीवर असतो. निगेटिव्हची पेटी माझ्या शेजारी आहे. रोल अजून माझ्या पोटात आहे.

धाकटा अधूनमधून येतो. बिनरंगाच्या दारात उभा राहतो. ती त्याला आत बोलावत नाही. त्याच्या स्टुडिओत आता गिऱ्हाइकं येतात ती हनुवटी खाली घालूनच येतात, आणि हसू दाबतात. तो फोटो उद्या कुठल्या भिंतीवर लागेल या भीतीने त्याला झोप लागत नाही, असं तो स्वतःच सांगतो.

"वहिनी, रोल धुवायचा राहिलाय का अजून?"

"राहिला नाही," ती म्हणते. "ठेवलाय."

तो गेला की ती मला फळीवरून उतरवते. मला मांडीवर घेऊन बसते आणि तिचा अंगठा माझ्या मागच्या झाकणाच्या खिट्टीवर येतो. ती खिट्टी ओढली, झाकण उघडलं, आत उजेड शिरला, की धाकटा पुसला जाईल, कायमचा. तो सुटेल. मला ते होऊ द्यायचं नाही. पण तिच्या अंगठ्याला काय हवंय ते मला अजून कळलेलं नाही. रोल धुतला तर त्या चेहऱ्यात तिला दीर दिसेल की नवरा, हे तिलाही ठाऊक नसावं. दोन्हींची तिला भीती वाटत असेल.

परवा तिने खिट्टी थोडी ओढली. मी होतं नव्हतं ते बळ एकवटून घट्ट राहिलो.

"अडकलंय वाटतं," ती पुटपुटली, आणि पुन्हा ओढलं नाही. मला फळीवर ठेवलं, भिंगावर झाकण लावलं.

तुम्ही कधी तिच्या घरी आलात, तर दार वाजवून या. मला हातात घेऊन बघा, हरकत नाही, पट्टाही खांद्याला लावून बघा. फक्त मागचं झाकण उघडू नका. आत एक माणूस उघडं पेन घेऊन उभा आहे. त्याला मी अंधारात ठेवलंय.