उद्घाटनापूर्वी वापर करू नये

आमच्या पालक-शिक्षक संघाचा मी सचिव. म्हणजे शाळेचा मुख्याध्यापक मी, म्हणून सचिवही मीच. अध्यक्ष बोलतात, सदस्य माना हलवतात आणि मी ‘सर्वानुमते मंजूर’ असं लिहितो. कारेगावपासून दोन कोसांवरच्या वस्तीवर, सातवीपर्यंतच्या शाळेत, वीस वर्षांच्या नोकरीत मी एवढी एकच गोष्ट धड शिकलो.

पण २००२ साली संघाने खरंच एक काम केलं, ते आधी सांगितलं पाहिजे. मुलींसाठी स्वच्छतागृह बांधायचं ठरलं. अध्यक्ष पोपटरावांनी आपल्या भट्टीवरच्या विटा दिल्या. मल्हारी नावाच्या पालकाने खड्डा एकट्याने खणला. बापाच्या काळात त्यांच्या घरी मेंढरं होती, आता शेती. त्याची मुलगी अंकिता सातवीत, वर्गात पहिली आणि गळ्याने गोड. बायको रतनबाई संघाची महिला सदस्य. ती सहीपुरतीच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. गणपतीच्या आत बांधकाम उरकलं, रंग झाला, पाण्याची टाकीसुद्धा बसली. पालक आणि शाळा एकत्र आले तर काय होतं, यावर मी स्वतः फळ्यावर चार ओळी लिहिल्या.

मग पोपटरावांनी दाराला कुलूप लावलं.

“उद्घाटन झाल्याबिगर वापरायचं न्हाई,” ते बैठकीत म्हणाले. “पाहुण्यांना काय उष्टं द्यायचं व्हय?”

सर्वानुमते मंजूर. दारावर पाटी रंगवली. किल्ली हरवू नये म्हणून पोपटरावांनी ती घरच्या देव्हाऱ्यात ठेवली. रोज तिलाही हळद-कुंकू लागत असणार.

पाहुण्या म्हणजे तालुक्याच्या एक मोठ्या बाई. पद सांगत नाही. त्यांची तारीख मिळेना. आधी पितृपक्ष आडवा आला, मग दिवाळी, मग लगीनसराई. तोवर मुली जात होत्या तिथंच, ओढ्यापलीकडच्या वेड्या बाभळींत. रांजणगावच्या कंपन्यांची पाळी सुटली की माणसं त्याच वाटेने मोटारसायकली काढायची. मोठ्या मुलींनी शाळेत पाणी प्यायचंच सोडलं. काही जणी मधल्या सुट्टीत घरी जायच्या त्या परत येत नसत. मी हजेरीत गैरहजर मांडायचो. अक्षर माझं चांगलं आहे.

डिसेंबरात बाभळींपाशी कुणीतरी अंकिताला शीळ घातली आणि गाडी थांबवली. पोर धावत शाळेत आली ती दप्तर उचलून घरी गेली. दुसऱ्या दिवशी मल्हारी माझ्यासमोर उभा.

“गुरुजी, कुलूप काढा. न्हाईतर पोरीचा दाखला द्या.”

कुलूप माझ्या हातात नव्हतं, दाखला होता. तो मी दिला. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात लिहिलं: घरगुती अडचण. मुलींच्या बाबतीत आमच्याकडे तेच लिहायची पद्धत आहे.

जानेवारीत एकदाची तारीख मिळाली. स्वागतगीताला अंकितासारखा गळा दुसरा नाही, म्हणून मी तिला बोलावणं धाडलं. हो, धाडलं. लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटली. अंकिता आली नाही. रतनबाई आली, सदस्य होती ना.

मांडव, हलगी, फेटे, तबकात कात्री, दाराला लाल फीत. बाई दीड तास उशिरा पोचल्या, कारण वाटेत तीन गावांनी चहा पाजल्याशिवाय सोडलं नव्हतं. खुर्चीवर टेकताच त्यांनी शेजारच्या रतनबाईच्या कानात काहीतरी विचारलं. रतनबाईने उत्तर कानात दिलं नाही.

“आध्यक्ष, बाईस्नी जायचंय. किल्ली?”

पोपटरावांनी सदऱ्याचे खिसे चाचपले, मग जाकिटाचे. चेहरा पडला. देव्हाऱ्यातून सगळं आणलं होतं, हळद, कुंकू, नारळ. किल्ली राहिली होती.

“गाडी धाडतो, अर्ध्या तासात आली समजा. आन् तसंबी, फीत कापल्याबिगर...” पुढचं ते गिळून बसले.

रतनबाईने टाकीखालून टमरेल भरून घेतलं.

“चला बाई. आमच्या पोरी जात्यात तिकडंच जाऊ.”

ओढ्याकडे निघालेली पैठणी सगळ्या वस्तीने पाहिली. हलगीवाला तेवढा शहाणा, त्याने हलगी थांबवली. नेमकी पाळी सुटायची वेळ. दोन मोटारसायकली त्या वाटेने गेल्या आणि एकाने सवयीने शीळ घातली. ती मांडवात सगळ्यांना ऐकू आली. मल्हारी मागच्या रांगेत मान खाली घालून बसला होता.

बाई परतल्या तेव्हा पदराला काटे होते. तोवर किल्ली तबकात येऊन पडली होती.

“हे कुलूप कवापासून हाय?” बाईंनी विचारलं.

पोपटराव फेटा सारखा करू लागले. ठराव माझ्या हातचा, तारीख मला पाठ होती. मी कात्रीचं तबक पुढे केलं. बाईंनी फीत कापली, कुलूप काढलं, किल्ली रतनबाईच्या हातावर ठेवली आणि भाषण न करताच निघाल्या. हारांचे पैसे वाया गेले म्हणून पोपटराव आठवडाभर हळहळत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रतनबाई अंकिताला घेऊन आली. दाखला माझ्या टेबलावर ठेवला.

“ह्यो परत घ्या.”

“तसं नाही होत, रतनबाई. पुन्हा दाखल करायचं म्हणजे संघाची बैठक, ठराव...”

“म्या संघाचीच हाय की. लिवा मंजूर.”

मी रजिस्टर उघडलं. अंकिता दप्तर पोटाशी धरून उभी होती. टेबलावरचा दाखला तिने उलट्या बाजूने वाचला. हुशार पोर.

“गुरुजी, आमच्या घरात कसली अडचण व्हती?”

मी पेन उचललं, दाखल्यावरचा ‘घरगुती’ हा शब्द खोडला, वर ‘शाळेची’ असं लिहिलं आणि खाली सही केली. त्या सहीला मात्र कुणाची मंजुरी घेतली नाही.