तुसाचा खालचा थर

खिडकी मी बंद केली होती; चूक माझी होती, आत्याची नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे दोन दिवस आत्या स्वतःलाच दोष देत होती आणि मी तिला तो देऊ दिला.

आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण ओक्बुन, कोरियात, काँगवनच्या डोंगरातल्या एका लहान गावात एकटी राहते. ऑगस्टमध्ये जीवशास्त्राची पदवी घेऊन मी सरकारी परीक्षेच्या अभ्यासासाठी तिच्याकडे राहायला आले. ऑक्टोबरच्या शेवटी तिने बाजारातून कोंबडीचं एक पिल्लू आणलं. काळ्या कातडीचं, काळ्या हाडांचं. त्या जातीचा आमच्याकडे औषधी रस्सा करतात, आणि विकणाऱ्या बाईने तो कसा करायचा हेही सांगितलं. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि घरी येऊन पिल्लाचं नाव कोंग ठेवलं. कोंग म्हणजे सोयाबीन. संध्याकाळच्या बातम्या बघताना आत्याला मांडीवर कोंग लागायची.

"ही अंडी द्यायला लागेल तोवर तुझा निकाल लागेल," आत्या म्हणायची. "बघू, घरात आधी कोण कमावतं."

नोव्हेंबरच्या शेवटी थंडी एकदम उतरली. कोंग तेव्हा पाच आठवड्यांची होती. तिचं खोकं काचेच्या ओसरीत होतं, ते मी मागच्या लहान खोलीत आणलं आणि जमीन जिथे सगळ्यात जास्त तापते तिथे ठेवलं. जमिनीखालचे गरम पाण्याचे नळ त्या कोपऱ्यातूनच आत येतात. खिडकीला बुडबुड्यांचं प्लास्टिक लावलं, फटींवर चिकटपट्टी मारली. भिंतीवर तापमापक टांगला. वहीत लिहायला लागले: सकाळी २६, संध्याकाळी २६.५.

खोक्यात अंथरलेलं भाताचं तूस मात्र मी बदलत नव्हते. ओलं झालं की वर कोरडा थर टाकायचा, खालचा हळूहळू कुजू द्यायचा, अशी एक रीत मी वाचली होती. रीत चांगली आहे. पण ती उघड्या खुराड्यासाठी आहे, गार जमिनीवरची आहे. खालून दिवसभर जमीन तापत असेल तर काय, हे त्यात लिहिलेलं नव्हतं, आणि मी स्वतःला विचारलंही नाही.

मग किमजांगचे दिवस आले. संबंध हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं, एकदम घालायची असते. शेजारच्या मालसुनकाकू आणि त्यांची जाऊ मदतीला आल्या. नव्वद कोबी, टोपलीभर लसूण, माशांचं खारवण, दोन गोण्या तिखट. स्वयंपाकघर त्या लहान खोलीला लागूनच आहे. घरात प्रत्येकाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"अगं बाई, कोंगपण रडतेय," मालसुनकाकू दारातून डोकावून म्हणाल्या.

"सासर आठवलं असेल," जाऊबाई म्हणाल्या.

"तिला कुठलं सासर? तिचं सासर म्हणजे पातेलं."

सगळ्या हसल्या. मीही हसले. आत्या हसली नाही. तिचे रबरी हातमोजे कोपरापर्यंत लाल झालेले होते, तशीच ती उंबऱ्यात उभी राहिली.

"युन्हा, हिची शेपटी बघ. श्वास घेताना वरखाली होतेय. आणि चोच उघडी."

"उकडत असेल, आत्या."

"मग खिडकी उघड."

"बाहेर उणे चार आहे. या वयात गारठा बाधला तर जाईल ती. मी रोज दोनदा तापमान लिहिते."

"शेपटीचं लिहिलंस?"

लिहिलं नव्हतं.

"अहो, तिखटाची धूळ आहे ती," मालसुनकाकू म्हणाल्या. "आपण एवढ्या धिप्पाड बायका शिंकतोय, तर ती मूठभर."

आत्या सकाळपासून त्याच उंबऱ्याशी बसून तिखट चाळत होती. तिने चाळण उचलली आणि मुकाट्याने अंगणात नेऊन ठेवली.

दुपारी सगळ्या जणी उकडलेलं डुकराचं मटण आणि ताजी किमची घेऊन जेवायला बसल्या, तेव्हा मी एकटी त्या खोलीत गेले. उभं राहिलं तर लसणाचा आणि खारवणाचा वास, दुसरं काही नाही. मी गुडघ्यांवर बसले आणि तोंड खोक्यात घातलं. डोळ्यांत सुई टोचल्यासारखं झालं. हा झोंबणारा वास मला ओळखीचा होता. प्रयोगशाळेत अमोनियाची बाटली उघडताना आम्ही मान मागे घ्यायचो. कोंगला मान मागे घ्यायला जागा नव्हती. तिचं नाक त्या तुसापासून चार बोटांवर होतं, दिवसभर आणि रात्रभर.

वरचं तूस कोरडं होतं. हात खाली घातला तर गरम, चिकट लगदा. तापमापक माझ्या डोळ्यांच्या उंचीवर टांगलेला होता. माझं सगळं मोजमाप माझ्या उंचीवरचं होतं.

मी प्लास्टिक फाडलं, खिडकी उघडली. तूस पोत्यात भरून मागच्या दाराने नेलं आणि मुळ्याच्या शेतात टाकलं. खोकं पुसलं, वर्तमानपत्र घातलं, नवं तूस घातलं. कोणी पाहिलं नाही.

संध्याकाळी आत्या आत आली. "खोकं साफ केलंस? शहाणी गं माझी." मग तिने कोंगला मांडीवर घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "माफ कर गं. तुझ्या दारात बसून तिखट चाळलं मी. म्हातारीला अक्कल नाही."

मी हातात नासपतीच्या फोडींची बशी घेऊन दारात उभी होते. तेव्हा सांगता आलं असतं. मी मनात म्हटलं, कारण दूर केलंय, हवा बदललीय, आता सांगून पिल्लाला काय फायदा. पिल्लाला नव्हताच. मी बशी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी कोंगच्या डोळ्याच्या कोपऱ्यात फेसासारखे बुडबुडे आले. कानाशी धरलं की छातीत घरघर ऐकू यायची, मध्येच टक् असा आवाज. आत्याने दिवसभरात तिची आणखी दोनदा माफी मागितली. तिसऱ्या दिवशी सकाळी कोंगचा डावा डोळा चिकटून बंद झाला होता आणि दाण्याकडे ती बघेना. आत्याने तिला जाकिटाच्या आत घातलं आणि आम्ही मालाच्या छोट्या गाडीतून तालुक्याला गेलो.

डॉक्टर प्यो जास्त करून गाईगुरांचे. टेबलावर त्यांनी कोंगची चोच उघडून घसा पाहिला, डोळा ओल्या कापसाने सोडवला, छातीला नळी लावली.

"कुठे ठेवता?"

"आतल्या खोलीत," आत्या म्हणाली. "माझीच चूक आहे. मी तिथे तिखट चाळलं."

"तिखटाने शिंका येतात, दुसऱ्या दिवशी थांबतात. असं होत नाही." ते माझ्याकडे वळले. "तूस कधी बदलता?"

"दिवसाआड," मी म्हणाले.

"खोलीला हवा?"

"असते."

त्यांनी हातमोजे काढले आणि दुसरे नवे घातले. "मग हे संसर्गाचं दिसतं. आणि दिवस बर्ड फ्लूचे आहेत. दुसरं कारण सापडत नसेल तर मला वर कळवावं लागेल. निकाल येईपर्यंत पिल्लू तुमच्याकडे राहणार नाही. शेजारी कोणाच्या कोंबड्या आहेत?"

"मालसुनच्या," आत्या म्हणाली. "बावीस."

दोन वर्षांपूर्वी आमच्या खोऱ्यात पांढरे कपडे घातलेली माणसं कोंबड्या मारून पुरायला आली होती. एका गोठ्यामागचा खड्डा अजून सगळ्यांना दाखवता येतो. आत्याने कोंगवरचा हात काढला नाही, पण तिची बोटं पांढरी पडली.

"मी खोटं बोलले," मी म्हणाले.

डॉक्टरांनी वर पाहिलं.

"तूस सोळा दिवस बदललं नव्हतं. वरून नवं टाकत होते. खोकं तापलेल्या जमिनीवर होतं, आणि खिडकी मी सगळ्या बाजूंनी चिकटवून टाकली होती. परवा दुपारी मला अमोनियाचा वास आला. मी ते तूस गुपचूप टाकून दिलं. आत्याच्या तिखटाचा काही संबंध नाही."

डॉक्टरांनी विजेरी घेऊन कोंगच्या डोळ्यात पाहिलं. "हं. बुबुळावर ढग आहे, भाजल्यासारखा. मघाशी तूस स्वच्छ आहे असं ऐकलं म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वासरांच्या गोठ्यात पाहिलंय हे. शिकलेल्या माणसाच्या घरात पहिल्यांदा."

घशाचा नमुना त्यांनी तरीही घेतला, पण कोंगला घरी न्यायला दिलं. दुसऱ्या कोंबड्यांजवळ न्यायचं नाही. आधी तुसातल्या अमोनियाच्या वाफेने श्वासनळी भाजली, मग त्या भाजलेल्या जागी जंतू बसले, असं त्यांनी सांगितलं. औषध पाण्यातून, पाच दिवस, दुसरं पाणी ठेवायचं नाही. डोळा मिठाच्या पाण्याने दिवसातून चारदा. खोकं जमिनीपासून उचलून स्टुलावर, एका बाजूला दिवा, म्हणजे ऊब नको असेल तर तिला सरकता येईल. खिडकी दोन बोटं उघडी.

परतताना अर्धा रस्ता आत्या नुसती गाडी चालवत होती. पूल ओलांडल्यावर ती म्हणाली, "खिडकीचं मला काही वाटत नाही. चूक होते. माझ्या आईने एकदा शंभर अंडी उकडली होती, उबवायला ठेवलेली."

मी वाट पाहिली.

"पण मी दोन दिवस तिची माफी मागत होते, युन्हा. तू दारात उभी होतीस."

कोंग तिच्या जाकिटातून घरघरत होती.

पाच दिवस मी औषध दिलं, डोळा धुतला, चोचीत भिजवलेला दाणा धरला. वहीत आता श्वास मोजून लिहीत होते, शेपटीचंही लिहीत होते. चौथ्या दिवशी शेपटी हलायची थांबली. नमुना निर्दोष निघाला. सहाव्या दिवशी कोंगने स्वतः दाणे टिपले, आणि आत्याने खोलीत येऊन ते पाहिलं. मला काही म्हणाली नाही, तिला म्हणाली, "हावरट." डावा डोळा मात्र दुधाळच राहिला.

पुढच्या आठवड्यात आत्याला नणंदेकडे किमचीचे डबे पोचवायला जायचं होतं. संध्याकाळपर्यंत परतायचं होतं. मला वाटलं, ती मालसुनकाकूंना घरी येऊन बसायला सांगेल, नाहीतर कोंगला जाकिटात घालून घेऊन जाईल. डबे गाडीत चढवून झाल्यावर ती आत आली, कोंगला उचललं आणि माझ्या ओंजळीत ठेवलं.

"काय काय बघायचं, सांग," मी म्हणाले.

"तुला माहीत आहे," ती म्हणाली आणि बूट घालायला लागली.

तिने सूचना दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गाडी वळणाआड गेली. कोंगने मान वाकडी करून उजवा डोळा माझ्याकडे केला आणि बराच वेळ बघत राहिली. मी गुडघ्यांवर बसले, आधी खोक्यात तोंड घालून वास घेतला, आणि मग तिला आत ठेवलं.