हलका फवारा

"वास घेऊन बघा ना, मावशी," वेस्को म्हणाला आणि टोपण काढून त्याने बाटली गिन्काच्या नाकाशी धरली.

गिन्काने डोळे मिटले, श्वास सावकाश आत ओढला आणि जाणकारासारखी मान हलवली. "छान आहे. अगदी सौम्य."

"याला वासच नाहीये. कंपनी तेच तर सांगून विकते, बिनवासाचा म्हणून."

"मला काय कळत नाही होय? तुझी फिरकी घेत होते," असं म्हणून गिन्का पाठमोरी झाली आणि आधीच लख्ख असलेला आरसा पुसायला लागली.

वेस्को हसला. महिन्यातून एकदा तो स्तारा झागोरा शहरातून केसांना लावायच्या गाडीभर बाटल्या विकायला यायचा आणि गिन्का त्याच्याशी कधी सरळ बोलत नसे, त्यामुळे त्याला हे नेहमीचंच वाटलं. तीस वर्षं कझान्लकमध्ये केस कापणाऱ्या, नाकावर माशी बसू न देणाऱ्या या बाईचं नाकच कामातून गेलं असेल, हे कोणाच्या मनात येणार?

पण गेलं होतं. दोन हिवाळ्यांपूर्वी तिला ताप आला, आठवड्याभरात उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, वाट बघा. तिने वाट बघितली. घरी दोनदा घेवड्याची उसळ करपली, एकदा दूध नासलेलं प्यायली. नवरा असता तर त्याच्या लक्षात आलं असतं, पण त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. बाहेर कोणाला सांगायची तिची छाती झाली नाही. केस तापला की आधी वास येतो, मग धूर दिसतो आणि मग केस हातात येतो. पहिला इशाराच ज्या बाईला कळत नाही, तिच्या हातात केस कुरळे करायचा गरम चिमटा कोण देईल? म्हणून ती चिमटा कमी तापवायची, मनात आकडे मोजायची आणि डोळ्यांत तेल घालून धुराकडे बघायची. दोन वर्षं निभावलं होतं.

सगळ्यात अवघड मे महिना. गुलाब तोडायचे दिवस आले की गुलाबाच्या शेतांनी वेढलेल्या या गावात रस्त्यात भेटेल तो विचारतो, "येतोय ना वास?" आणि गिन्का म्हणायची, "येतोय ना. छान." सारखं म्हणून म्हणून ते तिच्या तोंडात इतकं बसलं होतं, की म्हणताना तिला खोटं बोलल्यासारखंही वाटत नसे.

"कोणासाठी हवंय नक्की?" वेस्कोने तीन बाटल्या ओळीने मांडल्या.

"आमच्या बिल्डिंगमधल्या बिल्यानासाठी. शनिवारी तिचा बाल आहे." शाळा संपल्यावरच्या त्या रात्रीच्या नाचासाठी इथल्या पोरी वर्षभर आधीपासून ड्रेस ठरवतात. "औषधांनी तिचे सगळे केस गेले होते. आता खांद्यापर्यंत आलेत. पण तान्ह्या पोराच्या जावळासारखे आहेत, हातात धरायची भीती वाटते. आणि तिला हवेत कुरळे."

"मग हे तेल नको, केस चिकटून बसतील. क्रीमने नाच सुरू व्हायच्या आत वळणं सुटतील. हा फवारा घ्या, पाण्यासारखा, तापापासून केस वाचवतो. कंगवा फिरवेपर्यंत लावलाय की नाही तेही कळत नाही. पण मावशी, दोन गोष्टी. चिमटा दीडशे अंशांच्या वर नेऊ नका. आणि हा कोऱ्या केसावरच बसतो. खाली काही चोळलेलं असलं तर वर नुसता तरंगतो, वाचवत काही नाही."

"मला शिकवतोस?"

"नाही हो. सगळ्यांनाच सांगतो."

तो गेल्यावर तिने दाराला आतून कडी घातली आणि तिन्ही नमुने स्वतःच्याच मानेवरच्या बटांवर लावून पाहिले. वय झाल्यापासून तिचेही केस विरळ झाले होते, त्यामुळे परीक्षा बरी होणार होती. तेलाची बट दोरीसारखी लोंबली. क्रीमची बट अर्ध्या तासात सैल पडली. फवाऱ्याची बट मात्र मऊ राहिली, उचलून सोडली की परत वळत होती. गिन्काला खूप आनंद झाला. त्या पोरीला तिने लहानपणी कपाळावर केसांची झालर कापून दिली होती आणि औषधं सुरू व्हायच्या आधी वस्तऱ्याने डोकंही तिनेच केलं होतं. त्या दिवशी बिल्याना रडली नव्हती, गिन्काच रडली होती. हे कुरळे केस आता नीट व्हायलाच हवे होते.

त्याला आणखी एक कारण होतं. बिल्यानाची आई क्रेमेना इटलीत एका म्हाताऱ्याची देखभाल करायला राहिली होती. उपचारांचा सगळा खर्च त्या नोकरीवर चालला होता आणि रजा मिळत नव्हती. पोरीचे केस वाढताना तिने फक्त फोनवर पाहिले होते. शनिवारी संध्याकाळी ती पहिल्यांदा डोळ्यांनी बघणार होती.

शनिवारी सकाळपासून गिन्का उभी होती. चार पोरी झाल्या, चौघींचे केस जाड, द्या कितीही ताप. दीड वाजता बिल्याना आली, आणि मागोमाग तिची आजी स्तोयना, छातीशी गुलाबांचा हा एवढा गुच्छ धरून. गुच्छ तिने आरशासमोर ठेवला.

"आई सोफियाच्या विमानतळावरून निघाली," बिल्याना म्हणाली. "पाचपर्यंत पोचते. मी सांगितलंय, फोटो पाठवणार नाही. येऊनच बघ."

"केस धुतलेत ना?" गिन्काने विचारलं.

"काल रात्री धुतले."

आजी खुर्चीमागे येऊन उभी राहिली, नातीच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि अभिमानाने गिन्काकडे पाहिलं. "काय गं, येतोय ना वास?"

गिन्काने समोरच्या गुच्छाकडे पाहिलं. "येतोय ना. छान."

"मग चालेल ना?"

"न चालायला काय झालं?" गिन्का म्हणाली आणि फवारा मारायला सुरुवात केली.

फवारा आज नीट मुरत नव्हता. बारीक थेंब केसांवर तसेच दिसत होते. गिन्काचा हात क्षणभर थांबला. आपल्या मानेवर तर हे लगेच सुकलं होतं. पण हे केस वेगळेच आहेत, औषधांनंतरचे, असं तिने स्वतःला समजावलं. विचारायला हवं होतं. पण केसांना काही लावलंय का असं विचारलं तर नाक कुठे गेलं तुझं असं आजी म्हणणार, म्हणून ती फवारत राहिली.

मागच्या बटा दीडशेवर केल्या. त्या वळेनात. चिमट्यातून सुटल्या की घसरून सरळ व्हायच्या. आरशात बिल्यानाचा चेहरा उतरायला लागला होता.

"होतील ना मावशी?"

"होतील गं. दम धर."

गिन्काने चिमटा एकशे नव्वदवर नेला. वेस्कोचा शब्द तिला आठवत होता, नाही असं नाही. पण तिला त्या पोरीचा उतरलेला चेहरा बघवेना. कानशिलावरची बट तिने गुंडाळली आणि आकडे मोजायला लागली. तिसऱ्या आकड्याला थोडी वाफ निघाली. फवाऱ्याचं पाणी असेल, म्हणून ती पुढे मोजत राहिली.

"मावशी, जळकट वास येतोय," बिल्याना म्हणाली.

आजी जवळजवळ त्याच वेळी म्हणाली, "अगं काढ, काढ ते."

गिन्काने चिमटा उघडला. बट चिमट्याबरोबरच आली. कानशिलावर बोटभर लांबीचे, टोकाला पिवळट झालेले खुंट उरले.

बिल्यानाने हात वर नेला, खुंटांना लावला आणि खाली आणला. गिन्काने चिमट्याची वायर काढली.

"असं कसं झालं?" आजी म्हणाली. "तेल लावलेलं चालेल का, हे मी विचारलं की तुला."

"कुठलं तेल?"

"गुलाबाचं. सकाळी बदामाच्या तेलात घालून चोळलं मी. हिच्या आईलाही तिच्या बालाच्या दिवशी चोळलं होतं, आमच्या घरात चोळतातच. अख्ख्या डोक्याला वास येतोय गं. मी विचारलं, येतोय ना, तर तू म्हणालीस, छान."

गिन्का स्टुलावर बसली. काही तरी सुचेल, चिमटा बिघडलाय म्हणता येईल, बाटलीवर ढकलता येईल, असे दोन-तीन विचार तिच्या मनात येऊन गेले. त्यातला एकही तोंडाशी आला नाही.

"मला वास येत नाही," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. कशाचाच येत नाही."

"मग छान काय म्हणालीस?"

"मी सगळ्यांनाच म्हणते."

आजीने तोंडावर पदर धरावा तसा रुमाल धरला. बिल्याना आरशातूनच गिन्काकडे बघत होती. रडत नव्हती. ती या वेळीही रडली नाही आणि गिन्काला ते जास्त लागलं.

"दवाखान्यात पण सगळे छानच म्हणायचे," बिल्याना म्हणाली. "रिपोर्ट आला, छान आहे. रंग बरा दिसतोय, छान. मला वाटायचं, एक तरी माणूस खरं बोलेल. तुम्ही डोकं केलंत तेव्हा बोलला होतात. म्हणाला होतात, वाईट दिसतेस गं, पण येतील परत."

"हो."

"मग आता पण खरं सांगा. काय करता येईल?"

गिन्काने उठून तिच्या कानशिलाजवळ तोंड नेलं. वास घ्यायला नव्हे, बघायला. "कुरळे होणार नाहीत. चिमटा आज मी परत धरणार नाही. तुला पलीकडच्या रस्त्यावर दुसरीकडे जायचं असेल तर मी स्वतः फोन करते, पण आजच्या दिवशी कोणाकडे जागा नसेल. राहिलीस तर तेल धुऊन काढते, ओल्या केसांत बोटांनी लाटा पाडते, पिना लावून वाळू देते. जुन्या पद्धतीने. बाजूचा भांग काढला की खुंट झाकले जातील. जळका वास मात्र किती राहील, ते मला कळणार नाही."

बिल्याना खुर्चीत मागे टेकली. "धुवा," ती म्हणाली.

गिन्काने धुतले. आजी वाकून वास घ्यायची आणि सांगायची. पहिल्या वेळी म्हणाली, "आहे." दुसऱ्या वेळी, "गुलाबाचा गेला, जळका आहे." रागाने बोलत होती, पण दर वेळी वाकत होती. तिसऱ्या वेळी तिने बराच वेळ घेतला. "थोडा आहे. अगदी जवळ गेलं तरच."

"अजून धुतले तर केसांना सोसणार नाही," गिन्का म्हणाली.

"मग राहू दे."

लाटा पाडायला दीड तास लागला. मध्ये दुपारच्या तीन पोरी आल्या. तिघींना गिन्काने दारातच सांगितलं की आजपासून इथे चिमटा नाही, मला वास येत नाही, आत्ताच एकीचे केस माझ्या हातून जळालेत. दोघी आल्या पावली परत गेल्या, त्यातली एक रस्त्यापर्यंत जायच्या आत फोन लावून कोणाला तरी सांगायला लागली होती. तिसरी म्हणाली, मला नुसते बांधून द्या. संध्याकाळपर्यंत गावभर होणार हे गिन्काला ठाऊक होतं, आणि वाईट वाटायचं ते वाटतच होतं, तरी दोन वर्षांत पहिल्यांदा तिची मान आखडलेली नव्हती.

बिल्याना उठली तेव्हा केस डोक्याला धरून मऊ लाटांनी मानेपर्यंत उतरले होते. डावीकडचे खुंट एका लाटेखाली गेले होते. कुरळे नव्हते. तिने आरशात पुढून, बाजूने पाहिलं. "बरे दिसतात," ती म्हणाली. छान म्हणाली नाही. आजीने गुच्छ उचलला, दारापर्यंत गेली, आणि त्यातले दोन गुलाब परत आणून आरशासमोर ठेवले. "दिसतात तरी ना तुला," ती म्हणाली आणि गेली.

साडेपाचला बिल्डिंगसमोर सगळे जमले. क्लॅरिनेटवाला आला, शेजारणी खुर्च्या घेऊन आल्या, बिल्यानाच्या वर्गातली मुलं दोन गाड्या भरून आली आणि खिडक्यांतून अर्धी बाहेर लोंबत राहिली. गिन्का बाहेर गेली नाही. बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या आपल्या दुकानाच्या काचेच्या दारामागे उभी राहून ती बघत होती.

क्रेमेना टॅक्सीतून उतरली. तिच्या हातात अजून प्रवासाची बॅग होती. बिल्याना जिन्यातून बाहेर आली, उंबऱ्यावर ठेवलेलं पाण्याचं तांब्याचं भांडं तिने रिवाजाप्रमाणे पायाने लवंडलं, पाणी फरशीवर पसरलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. क्रेमेनाने बॅग तिथेच सोडली. पोरीजवळ आली, आधी नुसती उभी राहिली, मग दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं, केस चुरगळू नयेत म्हणून अगदी हलकेच. आणि डावीकडच्या लाटेत नाक खुपसून तिने मोठा श्वास घेतला.

गाड्यांतली मुलं एकसुरात मोजायला लागली, एक, दोन, तीन, बारावीपर्यंत इयत्तेला एक आकडा. बारा झाले तरी क्रेमेनाने तोंड वर काढलं नाही. तिचे खांदे हलत होते. आजी बाजूला उभी होती, तिने एकदा वळून दुकानाच्या दाराकडे पाहिलं आणि मान परत फिरवली.

क्रेमेनाला कसला वास आला असेल, जळका की लेकीचा, हे गिन्काला काचेतून कळेना. तिने दार थोडंसं उघडलं. बाहेरची हवा आत आली. गिन्कासाठी तीही नुसतीच हवा होती, बिनवासाची.